न दिलेलं इंजेक्शन

प्रिय इस्त्री,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले. खोडत नाही, कारण खाडाखोड दिसली की नर्सिंगच्या शाळेत मदर आपल्याला अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या, आणि तो शब्द तुझ्यासाठी दोनदा लिहावा एवढं माझं मन आज मोठं नाही. तुला आता या नावानं कुणी हाक मारत नसेल. हॉस्पिटलभर तू मेट्रन मॅडम. पण युनिफॉर्मची घडी मोडू नये म्हणून उभ्याउभ्या चहा पिणारी मुलगी माझ्या ओळखीची होती. मॅडम माझ्या कुणी लागत नाहीत.

काल तू पाठवलेली ती नर्स आमच्या दारात येऊन उभी राहिली. आठवड्याची एकुलती एक सुट्टी तिची. बस म्हटलं तरी बसली नाही. धडा पाठ केल्यासारखं म्हणाली की माझ्यामुळे तुम्हाला मनस्ताप झाला, मला माफ करा. हे म्हणायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की सोमवारी तिची चौकशी आहे. डॉक्टरांची ऑर्डर मोडली, पेशंटला तळमळत ठेवलं, असे दोन ठपके. नोकरी जाऊ शकते. आणि घरी जाऊन माफी मागितलीस तर मी सांभाळून घेईन, असं मॅडमनी सांगितलंय. वा गं बाई. माझा नवरा जिवंत ठेवल्याबद्दल त्या पोरीनं माझी माफी मागायची, आणि मी काय, तिचा अपराध पोटात घालायचा?

त्या दुपारी काय झालं ते तू आमच्या चिरंजीवांकडून ऐकलंस, डॉक्टरांकडून ऐकलंस. त्या खोलीत मीही होते, पण मला विचारायला तुला सवड झाली नाही. तर आता ऐक. यांच्या खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. सकाळी ते कळवळत होते म्हणून ते जबर वेदनेवरचं इंजेक्शन दिलेलं. दुपारी तेच पुन्हा द्यायचं, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. ही मुलगी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये घेऊन आली तेव्हा हे घोरत होते. मला बरं वाटलं, चला, डोळा लागला. यांच्या घोरण्याची मला जन्माची सवय. मी, शिकलेली नर्स, पांघरूण सारखं करत बसले होते. तिनं मात्र ट्रे बाजूला ठेवला. काका, काका, म्हणून खांदा हलवला. यांनी डोळे उघडले, 'दुख...' एवढंच म्हणाले आणि अर्ध्या शब्दावर पुन्हा मिटले. तिनं तळहात छातीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत राहिली. श्वास मोजून झाले असं वाटलं तोच परत मोजायला लागली. मला झोप दिसत होती. तिला दिसलं की माणूस श्वास घ्यायला विसरत चाललाय.

मग तिनं काय केलं, तर सिरिंज लांब ठेवली, पलंगाची डोक्याची बाजू वर घेतली, ऑक्सिजन लावला आणि खोली न सोडता तिथल्याच फोनवरून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर ऑपरेशनच्या घाईत. लिहिलंय ना, मग दे, म्हणाले; पेशंटच्या मुलाची तक्रार आहे की बाबांना दुखतंय. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही कापले. "सर, तुम्ही येऊन बघा. तोवर मी देणार नाही." आमचे चिरंजीव तिच्या अंगावर ओरडत होते. तुझ्या बापाचं हाड मोडलं असतं तर अशीच उभी राहिली असतीस का, असंही बोलले. माझ्या पोटचा मुलगा, कुठे शिकला देव जाणे. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. जेवायला कंटाळणाऱ्या पोराला एकेक घास भरवावा तशी ती यांच्याकडून एकेक श्वास काढून घेत होती. काका, आता मोठा घ्या. काका, अजून एक.

डॉक्टर आले ते तणतणतच. पलंगाशी पोचले आणि आवाज खाली आला. आधीच्या इंजेक्शनचा परिणाम उतरवणारं औषध त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं. पुढचं तुला मी सांगायला नको. त्या औषधानं श्वास परत येतो तशी वेदनाही परत येते. हे किंचाळत जागे झाले. चिरंजीवांनी पाहिलं ते तेवढंच, आणि तक्रार लिहिली. हेसुद्धा तिला अजून 'ती खाष्ट पोरगी' म्हणतात. दुखतंय सांगूनही तिनं सुई दिली नाही, हे त्यांच्या पक्कं लक्षात आहे. श्वास कमी झाला होता ते कसं लक्षात असणार?

काल ती गेल्यावर मी फोन केला, तर तू म्हणालीस, अगं, शिस्त नको का. तुला मोठ्या सिस्टर आठवतात? पलंगाजवळ हात मागे बांधून उभं करायच्या. कागदाला शिवायचं नाही, आधी माणूस बघा. मी म्हणायचे, स्वेटर निळा आहे आणि दात नाहीत, आणि सगळ्या हसायच्या. तुझं लक्ष पायांकडे. त्या प्लास्टर घातलेल्या शाळकरी मुलीची बोटं काळवंडलेली तुलाच दिसली. प्लास्टर उद्या बघू, असं सर्जन म्हणाले, तर तू त्यांची वाट अडवून उभी राहिलीस. भर वॉर्डात त्यांनी तुला अर्धवट म्हटलं. तेव्हा मोठ्या सिस्टर मध्ये आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की आधी प्लास्टर कापू, रागवायचं ते नंतर रागवा. रात्री होस्टेलवर तू उशीत तोंड खुपसून रडलीस, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत बसले. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. तुला कुणाच्या दारात माफी मागायला पाठवलं असतं, तर तू आज कुठे असतीस?

तुझ्या वॉर्डातल्या बाकीच्या मुली हे बघतायत, एवढं तरी ध्यानात घे. उद्या दुसऱ्या कुणाचा नवरा असाच घोरत असेल. ट्रे घेऊन आलेली मुलगी क्षणभर थांबेल आणि विचार करेल की नाही दिलं तर चौकशी, दिलं तर कुणी काही विचारत नाही. ती देईल. कागदावर सगळं बरोबर असेल. ती तुझी शिस्त.

आणि हे सगळं माझ्यासाठी केलंस म्हणे. मैत्रिणीच्या घरच्यांना मनस्ताप झाला म्हणून. माझं नाव पुढे करून कुणाची मान वाकवू नकोस. डॉक्टरांना दुखवायचं नाही, एवढंच आहे ते. सरळ तसं म्हणायची हिंमत कर.

तक्रार मागे घे, असं मी मुलाला सांगून पाहिलं. आई, तू नर्सिंग सोडून किती वर्षं झाली, तुला आता काय कळतंय, म्हणाला. सध्या ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन जेवतो. सोमवारी तो डॉक्टरांच्या बाजूला बसेल. मीही येणार आहे. यांनाही यायचंय, वॉकर घेऊन. फार दुखत होतं, हे ते सांगतील. सांगू देत, खरंच आहे ते. उरलेलं मी सांगेन, माझ्या मुलासमोर आणि तुझ्यासमोर. हे पत्र एवढ्यासाठीच, की मी तुझ्याविरुद्ध बोलणार हे तुला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये. मी आले की तू सवयीनं शेजारची खुर्ची पुढे करशील. करू नकोस. ती पोरगी एकटी बसलेली असेल, माझी खुर्ची तिच्या बाजूला मांडायला सांग.

तुझीच, पण सोमवारी नाही.