कुठवर आलीस ते कळव

५ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाईस,
प्रभूच्या नावाने अनेक सलाम व आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आल्यापासून शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. डोळ्यांचं ऑपरेशन, मग महिनाभर दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि पट्टी सुटल्यावर दिसेल की नाही हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत, एवढं वाचलं आणि कामात लक्षच लागेना. लाँड्रीत त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची कॉलर करपवली. मालकाने सगळ्यांदेखत विचारलं, की मामा, आज इस्त्री जास्त तापलीय की डोकं.

डॉक्टर नवशिका तर नाही ना? त्याचा हात कापतो का ते बघून ठेव. चहाचा कप उचलताना कळतं. ऑपरेशन नाही केलं तर वर्षभरात उरलेलंही जाईल म्हणतेस, म्हणजे करायलाच हवं. पण मला धड झोप नाही.

आपला नेम आहे म्हणून बरं. आई गेल्यापासून दर रविवारी दिवेलागणीला तू तिथे आणि मी इथे बायबलातलं क्रमाने पुढचं एकच स्तोत्र मोठ्याने वाचतो, तेवढाच मला आधार. परवा एकशे अडतिसावं झालं. त्यात शेवटी, आपल्या हातचं काम सोडून देऊ नकोस अशी देवाला विनवणी आहे. मी तिथेच थांबलो. देवाला म्हटलं, माझ्या बहिणीचे डोळे तुझ्याच हातचं काम, निम्म्यावर टाकू नकोस. असं बोलणं उद्धटपणाचं तर नाही ना झालं? पण तूही त्याच वेळी तीच ओळ वाचत असशील म्हणून धीर आला.

माया आहे तशीच असू दे.
तुझा दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. डॉक्टरांना मुद्दाम चहा पाजला. हात कापत नाही, पण साखर तीन चमचे घेतात. आता त्याची काळजी करत बस.

पण दादा, एकशे अडतिसावं? मी अजून एकशे एकोणिसाव्यातच आहे! एवढं लांब स्तोत्र तुला एका दमात जड जाईल, म्हणून मी त्याचे आठ-आठ ओळींचे तुकडे केले आणि दर रविवारी एकच वाचत आले. तूही तसंच करत असशील असं धरून चालले. कधी विचारलं नाही, ही माझीच चूक. म्हणजे गेले कित्येक महिने आपण एकमेकांच्या शेजारीसुद्धा नव्हतो.

हसू ओसरल्यावर मात्र रडू आलं. रिपोर्ट आला त्या रविवारी अक्षरं पुसट दिसत होती. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होते आणि मनात म्हणत होते, या शब्दावर दादाही आहे. तिथे कोणीच नव्हतं रे. देव होता, हे मला कळतं. इतकी वर्षं मुलांना तेच शिकवलं. पण शिकवणं वेगळं आणि रिकाम्या खोलीत बसणं वेगळं. या रविवारी मी पुस्तक उघडलंच नाही.

जावयांनी फोनमध्ये वाचून दाखवणारं बायबल भरून दिलंय. बातम्या दिल्यासारखा खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. ऐकताना मी परकी होते. महिनाभर पट्टीच्या अंधारात त्या आवाजाबरोबर पडून राहायचं माझ्याने होणार नाही. डॉक्टरांना नको म्हणून कळवावं असं मनात आहे. उरलीय तेवढी नजर पुरे. तू धावत येऊ नकोस, गुडघे सांभाळ.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी मास्तरीणबाई


२० फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाईस,
अनेक सलाम व आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरांना अजून काही कळवू नकोस. आधी हे वाच.

ते लांबलचक स्तोत्र मी एका बैठकीत वाचलं. घसा बसला, दुसऱ्या दिवशी मालकाशी खुणांनी बोलत होतो. वाटलं, तू शिकलेली, तू ते सहज वाचून टाकशील, मी मागे राहायला नको. तू माझ्यासाठी हळू चाललीस आणि मी तुझ्यासाठी धावलो. दोघंही शहाणे!

पाळकसाहेबांना विचारलं, की माझ्या इतक्या प्रार्थना चुकीच्या ओळीवर गेल्या, त्यांचं काय? ते म्हणाले, देवाला सगळीकडून ऐकू येतं. खरं असेल. पण देवाला ऐकू आलं आणि तुला नाही, हे माझ्या मनातून जाईना.

मग काल हॉस्पिटलच्या चादरी आल्या. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोन टोकं धरून दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने ओढ घेतली की मधे चुण्या पडतात. मग ज्याने ओढ घेतली त्यानेच हात सैल करून समोरच्याकडे परत यायचं, आमच्या लाँड्रीत असंच करतात. समोरच्याला हाका मारून उपयोग नसतो. चादर हातात होती आणि मला एकदम वाटलं, प्रभूनेही हेच केलं. वर बसून आपल्याला नुसतं बोलावलं नाही, आपण होतो तिथवर खाली आला. मी अर्धवट शिकलेला, चुकत असेन तर तू दुरुस्त कर.

म्हणून मी मागे, तुझ्याकडे येतोय. मालकाकडे महिन्याची रजा मागितली. तो म्हणाला, कॉलरी तरी वाचतील. तू ऑपरेशन करून घे. पट्टी असेल तोवर रोज मी वाचेन. मला जोडाक्षरं अजून जड जातात, घाम फुटतो. पण कामाला लागल्यावर अक्षरं मला तूच शिकवलीस, आता डोळे मिटून चुका काढ. फक्त वाचताना जावयांना खोलीबाहेर बसव, त्यांच्यासमोर माझी जीभ अडकते.

गुडघ्यांचं काय, ते घरी बसूनही दुखतात.

माझं पान मी मिटून ठेवलंय. तुझं बोट ज्या ओळीवर थांबलं, तिथूनच सुरू करू. म्हणून तू कुठवर आलीस तेवढं कळव. उलट टपाली कळव, वाट बघतोय.

तुझा दादा