शेपटाचं अक्षर

३ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी आज माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आपटला. "तुम्ही स्पॅनिश शिकता ना? हे मराठीत करून द्या. परवापर्यंत!" धुलाई कारखान्यात वाफेचं नवं मशीन आलंय — नवं म्हणजे आपल्याला नवं, दुसऱ्याने वापरून टाकलेलं — आणि सोबत स्पॅनिश माहितीपत्रकाची झेरॉक्स. मी इथे पत्रव्यवहार सांभाळते. संध्याकाळच्या वर्गाला जेमतेम पाच महिने जातेय. पण नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर छातीही फुगली.

मशीन चालवणार नणंदबाई. दवाखान्यांच्या चादरी त्यात कोंडून वाफवायच्या. घरी म्हणाल्या, "म्हणजे आता कारखान्यातही तुझंच ऐकायचं?" हसल्या. बहुतेक.

४ नोव्हेंबर

हुकुमाची क्रियापदं! या भाषेत 'मला', 'तिला', 'ते' सगळं क्रियापदाच्या शेपटाला चिकटतं. डामेलो — दे, मला, ते — एकाच शब्दात. वर्गातल्या बाई म्हणतात, "शेपूट वाढलं तरी जोर मूळ जागीच ठेवायचा, म्हणून डोक्यावर ती तिरकी रेघ." आमच्या नणंदताईंचं बरं. त्या नुसतं 'आण' म्हणतात. काय, कुणासाठी, ते आपण ओळखायचं.

नवव्या पानावर अडले. "दहा मिनिटं थांबा. मग आब्राल—" आणि पुढे शाईचा डाग. आब्राला म्हणजे तिला उघडा. स्पॅनिशमध्ये व्हॉल्व्ह ही बाई. आब्रालो म्हणजे त्याला उघडा. झाकणाचा अडसर हा बाप्या. आधीचं पान गठ्ठ्यात नाहीच! म्हणजे आत वाफ कोंडलेली असताना व्हॉल्व्ह सोडायचा की सरळ अडसरच काढायचा? एका अक्षरावर!

५ नोव्हेंबर

साहेबांना म्हटलं, विकणाऱ्याकडून आठवं-नववं पान नीट मागवा. "मागवतो. तोवर तुम्हाला वाटतं ते लिहा. एका अक्षराने काय आभाळ कोसळतंय?"

भिंग लावून पाहिलं. डागाखाली नुसतं वर्तुळ नाही, वर्तुळाला काठीही आहे. म्हणजे 'o' नाही, 'a'. आब्राला. लिहिलं — "व्हॉल्व्ह उघडा. दाबाचा काटा शून्यावर आला की झाकण उघडा." दुपारी तक्ता छापून मशीनशेजारी लागलासुद्धा. खाली माझं नाव.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सगळं सुरळीत. तरी खाली गेले की कान मशीनकडेच. आज ताईंनी झाकण उघडताना ते फुसकारलं. काटा शून्यावर होता, मी स्वतः पाहिला! ताई झटकन मागे सरकल्या. "काही नाही गं. म्हातारं आहे, कुरकुरणारच."

घरी त्यांच्या मनगटावर लाल पट्टा दिसला. विचारलं. "भांड्याचा चटका."

आज स्वयंपाक मी केला होता.

११ नोव्हेंबर

झोप नाही. ते पान अजून आलं नाही. साहेब म्हणतात, सारखं काय विचारता?

१६ नोव्हेंबर, सोमवार

आलं. उभ्याउभ्याच वाचलं.

आब्राला नाही, आब्रालोही नाही. आब्रालास! 'त्यांना' उघडा. पुढचा 'स' डागाने गिळला होता. आठव्या पानावर चित्र आहे. व्हॉल्व्ह दोन. एक पुढे, दुसरा मागे, भिंतीच्या बाजूला. पुढचा सोडला की काटा शून्यावर येतो, पण आतल्या कप्प्यातली वाफ तशीच राहते.

धावत खाली गेले. ताई एकट्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला हाताला धरून मशीनमागे नेलं.

"हाच ना तो? चटका बसल्यापासून मी दोन्ही सोडते. कागदाला काय कळतंय!"

मला रडूच कोसळलं. "ताई, आत्ताच तक्ता बदलते."

"थांब जरा. साहेब सकाळपासून भडकलेत. आज तुझी चूक हातात दिलीस तर नोकरीच जाईल. आणि या धुडाला माझ्याशिवाय हात लावतंय कोण?"

पान ड्रॉवरमध्ये ठेवलं. किती हलकं वाटलं! लग्नाला सात वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्यांनी मला जवळ घेतलं.

१७ नोव्हेंबर

साहेब गुरुवारी बाहेरगावी जाणार आहेत. तेव्हा गुपचूप बदलेन.

१८ नोव्हेंबर

तक्त्यावरून जाताना मान वर झाली नाही. नवा मजकूर लिहून तयार आहे, दोनच ओळी. उद्या!

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ताईंना सकाळी सणकून ताप भरला. त्यांना औषध देऊन मी तासभर उशिरा पोचले. मशीनवर घडी विभागातली नवी बाई उभी केली होती. तिने म्हणे तक्ता दोनदा मोठ्याने वाचला, आणि शब्दन्‌शब्द तसंच केलं.