एका गोळीची बंदूक

फेर्लाख, १५ फेब्रुवारी १९८७

प्रिय हेम्मा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी एक अख्खा दस्ता घासून, तेल पाजून तयार केला असता, पण उत्तराची एक ओळ काही उमटेना. तू लिहिलंस, "काका, बाबांची होती तशीच हुबेहूब बंदूक मला करून द्या. एका गोळीची, डोंगरात न्यायची." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याच दुपारी लाकूड काढून बसलो असतो. पण तुझी बंदूक माझ्या हातची असावी की नाही, हे तूच ठरवायचं आहेस, आणि ठरवण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. ती सांगायची मी बावीस वर्षं टाळाटाळ केली, तेव्हा या पत्रातही जरा करीन. सवय आहे, एकदम जात नाही. आधी बंदुकीचं बोलतो.

तुझा नवरा विचारतो म्हणे, की लागोपाठ पाच गोळ्या सुटणारी बंदूक दुकानात आयती मिळत असताना एकीसाठी दीड वर्ष कशाला थांबायचं. ग्राट्ससारख्या शहरातल्या माणसानं हे विचारणं साहजिक आहे. त्याला सांग, ही बंदूक मधोमध मोडून पाठपिशवीत जाते, दोन्ही हात कड्याला धरायला मोकळे राहतात. वजन तीन किलोच्या आत ठेवू. चार तासांची चढण झाली की प्रत्येक छटाक खांद्याला कळतो. आणि मुख्य म्हणजे एकच गोळी आहे म्हटल्यावर माणूस उगाच लांबून धडपड करत नाही. तो आणखी जवळ सरकतो, वाट बघतो, नाही जमलं तर निमूट घरी येतो. तुझे बाबा किती वेळा रिकाम्या हातानं उतरले असतील! खाली पंक्तीत कुणी चिडवलं की म्हणायचे, "अरे, बोकडाचा आज वाढदिवस होता, म्हणून सोडला." एका बोकडाचे वर्षाला सात वाढदिवस असत.

नळी साठ सेंटिमीटरपेक्षा लांब नको, खुरट्या पाइनमध्ये अडकते. गोळी साडेसहा मिलिमीटरची घे. धक्का कमी बसतो आणि रानबोकडाला तेवढी पुष्कळ होते. सोन्याचं कोरीवकाम नको, उन्हात चमकतं. माझ्या दुकानातला ऊर्बान रागावेल, कारण त्याचं पोट कोरीवकामावर आहे, पण त्याच्याकडून मी तुझ्यासाठी फक्त जेन्शनची दोन डोंगरी फुलं काढून घेईन. लहानपणी तू डाव्या हातानं जेवायचीस आणि आई हातावर चापट मारायची. नेम कुठल्या डोळ्यानं धरतेस ते कळव. डावा असेल तर दस्त्याला बाक उलट्या बाजूनं द्यावा लागेल, म्हणजे बाबांची हुबेहूब बंदूक तुझ्या खांद्याला बसणारच नाही. कोपर वाकवून, आतल्या बाजूपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माप घ्यायला सांग नवऱ्याला. जाड कोट घालून घ्या. पण हे सगळं पुढचं पत्र येईपर्यंत राहू दे, कारण कदाचित मापं तू दुसऱ्याच कुणाला पाठवशील.

मापांवरून आठवलं म्हणून सांगतो. हे मी कुणाला बोललेलो नाही. बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी साल्झबुर्गच्या एका दंतवैद्यासाठी दस्ता केला. माणूस बुटका, मान आखूड. मी स्वतः त्याची मापं घेतली होती, कागद समोर टांगलेला होता. त्यानं बंदूक खांद्याला लावून बघितली आणि म्हणाला, "अहो मास्तर, ही माझी नाही. कुणा उंच मानेच्या माणसाची मला देताय तुम्ही." मी हातात घेऊन पाहिली. गाल टेकायची जागा, मनगटाची जाडी, खांद्याला येणारा उतार, सगळं प्रीमुसचं, तुझ्या बाबांचं होतं. माझ्या हातांनी कागदाकडे बघितलंच नव्हतं. तो दस्ता मी जाळला. चार वर्षांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हापासून मी दर संध्याकाळी लाकूड मापून बघतो. माझे हात अजून त्याच्यासाठी बंदूक करत असतात आणि मला त्यांची भीती वाटते.

ऊर्बान मला आणखी एका गोष्टीवरून चिडवतो. नळी मिटताना जो 'खट' असा आवाज होतो ना, तो झाला की मी हातातलं काम सोडून थांबतो. तो म्हणतो, "अम्ब्रोस, प्रार्थना चालली का रे? आमेन म्हण आणि उचल कानस." मी प्रार्थना करत नसतो. पुढचा आवाज येतो का, ते ऐकत असतो.

आता तुझ्या यादीतली एकच गोष्ट उरली, आणि नेमकी तिच्यापाशी आलो की रोज माझी लेखणी अडते. तुला दोन चाप हवेत, बाबांच्या बंदुकीला होते तसे. मागचा दाबला की पुढचा इतका हलका होतो की नुसतं बोट टेकलं तरी बार निघावा. नेम हलू नये म्हणून ती सोय. खोऱ्यातल्या निम्म्या बंदुकांना आहे. मी मात्र चौसष्टच्या ऑक्टोबरनंतर एकही तशी केलेली नाही. गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली, मी जाऊ दिली.

त्या दिवशी मला चाळीस पूर्ण झाली होती. प्रीमुस पहाटे दारात उभा, "ऊठ म्हाताऱ्या, आज तुझा बोकड." त्याच्या शिकारीच्या रानातला सगळ्यात थोरला बोकड तो मला मारू देणार होता, तोही स्वतःच्या बंदुकीनं. एवढं मोठं मन दुसऱ्या कुणाचं मी पाहिलं नाही. दहाच्या सुमारास आम्ही कड्याखाली पोचलो. बोकड समोरच्या धारेवर उभा होता. प्रीमुस माझ्या वर, हातभर उंच टप्प्यावर पालथा पडलेला. मी नळीत गोळी भरली, मिटली, नेम धरला, मागचा चाप दाबला. आणि दरीतून धुकं वर आलं. बोकड पुसून गेला. मी थांबलो, बराच वेळ थांबलो. मग वरून प्रीमुस कुजबुजला, "मला दिसतोय तो. दे इकडे. तुझ्या नावानं मीच मारतो, खाली गेल्यावर मिशा तू पीळ." आणि हसला.

हेम्मा, आपल्या खोऱ्यात बंदूक दुसऱ्याच्या हातात उघडूनच देतात. नळी खाली लोंबली पाहिजे, दोघांनाही तिच्यातून उजेड दिसला पाहिजे. आपली पोरं हे चालायला शिकतानाच शिकतात. मीही शिकलो होतो, आणि वर बंदुका करणं हा माझा धंदा. पण उघडताना खट होतं. एवढ्या शांततेत बोकडानं ते ऐकलं असतं आणि उडी घेतली असती. प्रीमुसनं दिलेली भेट माझ्यामुळे वाया जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बंदूक उघडली नाही. चाप हलका केलेला आहे, हेही माझ्या ध्यानात राहिलं नाही. जागा अरुंद होती, म्हणून दस्ता माझ्या हातात ठेवून नळीच्या बाजूनं मी ती तशीच वर सरकवली. त्यानं नळी धरली आणि ओढली. मध्ये पाइनची एक फांदी होती, ती पुढच्या चापाला टेकली.

तो फार वेळ जिवंत नव्हता. नुसता चकित होऊन बघत होता. धुकं गेलं तेव्हा बोकड तिथेच होता, एवढ्या मोठ्या आवाजानंतरही. माझ्याकडे बघत होता. हे कुणाला खरं वाटणार नाही, मलाही वाटत नाही, पण मी तो रोज बघतो.

संध्याकाळी पोलीस वर आले. बंदूक ओढली तशी प्रीमुसच्या अंगाखालीच राहिली होती. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "पाय घसरला वाटतं. मिटलेली बंदूक घेऊन चढत होता की काय?" मी मान डोलावली. माझी साक्ष, जबानी, जे म्हणशील ते, एवढंच. त्यानंतर दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. पुरताना सगळे शिकारी एकेक हिरवी डहाळी कबरीत टाकून पुढे सरकले. मारलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून डहाळी ठेवतो तो मारणारा. माझी पाळी आली तेव्हा मला ते आठवलं, आणि तरी मी ती टाकली. तुझी आई शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला. नंतर दर ईस्टरला ती राइंडलिंगचा केक पाठवायची, मी दर हिवाळ्यात तुमची लाकडं फोडून द्यायचो, आणि ती म्हणायची, "अम्ब्रोस, तू नसतास तर आमचं काय झालं असतं." ती असताना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गेल्या नाताळच्या आधी ती गेली आणि मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

एवढं असूनही मी कदाचित गप्पच राहिलो असतो, तुझी बंदूक केली असती, दोन चापांना काहीतरी सबब सांगितली असती. पण तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला चार ओळी होत्या. शिकारीच्या परीक्षेत परीक्षकानं नाव न घेता एक अपघात सांगितला, आणि सगळ्यांदेखत तुला विचारलं, की मेलेल्या माणसाची चूक काय. ते तुझे बाबा होते हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, तो मिटलेली बंदूक घेऊन चढत होता, तो निष्काळजी होता. त्यांनी तुला पास केलं. आणि तू मला विचारलंस, "काका, बरोबर सांगितलं ना मी?" नाही, पोरी. त्या माणसानं कसलीच चूक केली नव्हती. मी त्याला बंदूक दिली, आणि त्यानं विश्वासानं हात पुढे केला, एवढंच. हे पत्र परीक्षकाला दाखव, पोलिसांना दाखव. मी दुकानातच आहे.

तुझा,
ज्यानं बाप्तिस्म्याला तुला हातात धरलं होतं तो
अम्ब्रोस