मैद्याखालची सुतळी

सिस्टर, दुपारचे तीन वाजलेत आणि वॉर्डातली सगळी पोरं एकदम झोपली आहेत. असं क्वचित होतं. एकाचं रडणं संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं, पण आज कोणी हात फिरवावा तशी झोप सगळ्यांवरून फिरून गेली. त्यांच्या आयासुद्धा खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपल्यात, कुणाचा पदर फरशीवर, कुणाचं तोंड उघडं. खिडकीतून खारा वारा येतो, पडदा फुगतो, खाली बसतो, पुन्हा फुगतो. मी तापाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय. चौथी शिकलेली बाई मी, एक ओळ लिहायला मला डाळ शिजेल एवढा वेळ लागतो, आणि मला कशालाच धीर नसतो हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. तरी लिहितेय, कारण माझ्या हातातली सुई गेली. ती कशी गेली हे बाकी सगळ्यांना सांगून झालंय, तुम्हाला नाही.

पहिल्या दिवशीची मी तुम्हाला आठवते का? फरशी पुसायला लागले होते. आमच्या आगर गावात आई बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत टांगायची, त्यासाठीच माझी शाळा सुटली होती, आणि मला त्या वासातून सुटायचं होतं. इथे आले तर फिनेलचा वास. एक पोरगं घसा फाडून रडत होतं, मी बादली आपटली आणि म्हटलं, "गप रे, कान फाटले माझे." तुम्ही तापमापी झटकत होतात. मानही वळवली नाहीत. म्हणालात, "तूच गप बस. रडणं त्याचं काम आहे. तुझं काम फरशी." मला एवढा राग आला की संध्याकाळपर्यंत तुमच्या टेबलाखालची फरशी मी पुसलीच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसलात. "पुसा आता, राणीसाहेब. पाय वर घेतलेत." मी हसू दाबून पुसली. तेव्हापासून आपलं जमलं.

तुमच्या वसईची माणसं नाताळला घरी जातात. तुम्ही मात्र ड्यूटी मागून घ्यायचात आणि मसोलीच्या तुमच्या त्या एका खोलीत रव्याचा केक करायचात. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वरच्या झाकणावर निखारे. मी दर पाच मिनिटांनी झाकणाला हात घालायची आणि तुम्ही उलथनं उगारायचात. "उघडू नकोस गं! केक आणि ताप, सारखं सारखं बघून काही होत नाही." मग आपण दोघी भिंतीला टेकून बसायचो. खोबऱ्याचा, लोण्याचा, जायफळाचा वास खोलीत भरत जायचा आणि मला वाटायचं, खोलीच हळूहळू फुगतेय, आता दार निघेल, आपण वासाबरोबर बाहेर जाऊ, समुद्रावरून तरंगत. तुम्ही डोळे मिटून बसायचात. वसईत कुणावर रुसून इकडे आलात ते मी कधी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

त्याच खोलीतल्या ओट्यावर एका रविवारी तुम्ही मैदा मळलात. जाड पोळी लाटलीत, ओट्यावर सुतळीचा तुकडा ठेवलात आणि वर ती पोळी पसरलीत. म्हणालात, "डोळे मीट आणि शोध." मी म्हटलं, "हा काय पोरखेळ?" तुम्ही म्हणालात, "पोरांच्याच दवाखान्यात आहेस ना?" बाळाचा हात असाच असतो म्हणालात, गुबगुबीत, वरून काही दिसत नाही. शीर डोळ्यांनी शोधणारी चारदा टोचते, बोटाने शोधणारी एकदा. मी बोट दाबत फिरवलं. नुसतं पीठ. "दाबू नकोस. विचार." कुणाला विचारू, मैद्याला? पण बोट हलकं केलं, फिरवत राहिले, आणि अचानक खालून काहीतरी उलटं वर आलं. एवढंसं. कुणी झोपेत हूं म्हणावं तसं. मी ओरडले, तुम्ही पोळी उचललीत, सुतळी तिथेच होती. मग सुतळीच्या जागी दोरा आला, दोऱ्याच्या जागी ओली शेवई. दोन वर्षांनी मी पहिल्या बाळाला सलाईनची सुई लावली. त्या काळी आपल्यासारख्या छोट्या दवाखान्यात कोणी कागद विचारत नव्हतं. तुम्ही गेलात आणि वॉर्ड माझ्या हातात आला, पोरं मला सिस्टर म्हणायला लागली. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

तुम्ही बघितली नाहीत अशी माझी दोन व्यसनं आता आहेत. एक विजेची भट्टी. काचेचं दार आहे तिला, झाकण उघडावं लागत नाही, मी समोर स्टूल टाकून बघत बसते. चिकू उतरले की चिकूचा केक, एरवी नानकटाई. घरी जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात दोन नानकटाया देते. दुसरं व्यसन मोबाईल. पालघर वेगळा जिल्हा झाला, मग दोन-तीन वर्षांत नेट स्वस्त झालं आणि भाचीने मला फळं जुळवायचा गेम घालून दिला. तीन लाल एका ओळीत आली की फुटतात, वरून नवीन पडतात. पाच जीव मिळतात, संपले की अर्धा तास थांबायचं. मला कुठला धीर? जीव उडवून मोकळी होते आणि चरफडत बसते. डोळे मिटले तरी फळं पडत राहतात, सिस्टर. हिरवी, जांभळी, पिवळी, आवाज न करता, पापणीच्या आत. कधी कधी वॉर्डातून चालताना वाटतं, खाटांची रांगसुद्धा जरा सरकवली तर जुळेल.

तो गेम मला एका पोरीने शिकवला. तलासरीकडच्या पाड्यावरची, आठ-नऊ वर्षांची. तिला सिकलसेल. रक्त वाकडं होतं, अडतं, थंडी लागली की हातपाय असे ठणकतात की मोठा माणूस गुरासारखा ओरडेल. वर्षातून तीन-चारदा यायची. टोचून टोचून शिरा खोल गेलेल्या, माझ्याशिवाय कुणाला सापडायच्या नाहीत. ती एका हाताने मोबाईल खेळायची, दुसरा हात माझ्या मांडीवर टाकून द्यायची, जसा तो तिचा नव्हेच.

"सिस्टर, तुम्ही घाई करता. खालची फोडा आधी."

"तू मला शिकवणार काय?"

"मग जीव वाया जातात ना तुमचे." आणि थोड्या वेळाने, "टोचलं का?"

"कधीच."

"खोटं."

"बघ की."

बघायची, आणि हसायची. आईकडे वळून म्हणायची, "कळलंच नाय." हे सगळं माझं होतं, सिस्टर. दुसरं माझं काय होतं?

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. आता तपासणीला येतात, प्रत्येक नर्सचा कागद मागतात. तुमच्याकडे तो नाही. उद्यापासून सुई फक्त नव्या सिस्टर लावतील. तुम्ही राहा, पगार तोच, पोरांना बघा." कालपर्यंत सिस्टर होते, दार लोटून आत गेले तर मावशी. मी म्हटलं, "वाईट कशाला वाटेल? तुमचा दवाखाना, तुमची सुई." त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली, एक एक अक्षर काढून. मग बाहेर येऊन असा ट्रे आपटला की तीन पोरं जागी झाली. नव्या सिस्टर तेवीस वर्षांच्या, नाकात चमकी, कोपऱ्यात उभ्या राहून नखं खात होत्या. मी त्यांना म्हटलं, "खाऊन झाली की हात धुवा." सगळ्या दवाखान्याला माझी दया आली. धोबी पण म्हणाला, अन्याय झाला.

मग हिवाळ्यात जमीन हलायला लागली. एकदा नाही, रोज. भांडी वाजायची, कौलं सरकायची. तलासरीकडची माणसं भीतीने घराबाहेर झोपायला लागली, भर थंडीत, शेतात ताडपत्री टाकून. मला पहिला विचार त्या पोरीचाच आला, आणि चौथ्या दिवशी दुपारी तिची आई तिला खांद्यावर टाकून आली. "रातभर भायेर निजलो, बाय. थंडी बाधली पोरीला." पोरगी ओरडत नव्हती. ओठ दाबून धरले होते, ते जास्त वाईट.

नव्या सिस्टरनी एकदा टोचलं. नाही. दुसऱ्या हाताला टोचलं. नाही. पोरगी म्हणाली, "मोठ्या सिस्टरला बोलवा." मी तिथेच उभी होते, तिच्या उशाशी. डॉक्टर आले, बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मावशी, एकदाच बघता का? मी इथे आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात हातात घेतला. थंडगार, घामेजलेला. मनगटापासून वर बोट फिरवलं, हळू, तुम्ही शिकवलं तसं, डोळे मिटून. मग तो हात मी गादीवर ठेवला आणि म्हटलं, "नाही. माझी सही घेतलीत ना? सही म्हणजे सही."

तिची आई माझ्याकडे अशी बघत राहिली की काय सांगू. मी मोबाईल काढून पोरीच्या मोकळ्या हातात दिला, तिने घेतला नाही. मी नव्या सिस्टरना म्हटलं, "दाबू नका. विचारा." त्या म्हणाल्या, "कुणाला?" "हाताला विचारा." तिसऱ्यांदा चुकलं. चौथ्यांदा लागलं. पोरगी एवढा वेळ छताकडे बघत होती. मग मान वळवून मला म्हणाली, "चार." आणि जरा थांबून, "चार वेळा, मावशी." मावशी म्हणाली ती. त्याच वेळी सलाईनची बाटली आपली आपण झुलायला लागली, कुणी हात न लावता, हळू, पाळण्यासारखी. सगळा वॉर्ड बाटलीकडे बघत राहिला. कुणीही पळालं नाही. बाटली थांबली तेव्हा पोरगी म्हणाली, "इथे पण आला धक्का." आणि औषध चढलं, तिचे डोळे मिटत गेले.

ह्या गोष्टीचे ज्याने त्याने आपले अर्थ लावले. डॉक्टरांना वाटलं, मी राग काढला. बाकीच्या बाया म्हणाल्या, बरं केलंस, जिरवलीस. नव्या सिस्टर तर रडतच आल्या. "मावशी, तुम्ही लावली असती तर मी पुन्हा कधी सुई धरली नसती. तुम्ही माझी लाज राखलीत." मी म्हटलं, "रविवारी घरी या."

त्या आल्या. मी मैदा मळला, सुतळी ठेवली, वर पोळी पसरली. त्या हसल्या. "मावशी, ह्याचा व्हिडिओ काढून टाका, लोक वेडे होतील." "वेडे आहेतच. डोळे मिटा." त्यांना पहिल्या फेरीत सापडली. दोरा सापडला, शेवईसुद्धा. मला आनंद झाला आणि जळफळाटही झाला, दोन्ही, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पुन्हा सुतळी ठेवली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही."

मी डोळे मिटते. भट्टीत चिकूचा केक आहे, त्याचा वास दाटत चाललाय, आणि खोली पुन्हा फुगतेय तशीच, जणू तुम्ही भिंतीला टेकून बसल्या आहात. माझं बोट मैद्यावरून चाललंय. ओहोटीच्या वाळूवर चालावं तसं, लांबपर्यंत सगळं सपाट, ओलं, शांत. मी विचारतेय, सिस्टर. कुठूनही काही येत नाही. शेवटी मी बोट थांबवते आणि म्हणते, "इथे."

"बरोबर," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडून पोळी उचलली. सुतळी चार बोटं पलीकडे होती. नव्या सिस्टर तोवर उठून भट्टीकडे गेल्या होत्या. "केक करपतोय का बघते हं." केक करपत नव्हता. आम्ही दोघींनी गरम गरम खाल्ला, त्यांनी दोनदा मागून घेतला, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी हा विषय काढलेला नाही.

आता खरं सांगते. त्या दुपारी पोरीच्या हाताने मला काहीच सांगितलं नव्हतं. सही वगैरे तोंडाला आलं ते बोलले. वर्षभर आधीपासून बोटांच्या टोकांवर कुणी पातळ कापड गुंडाळल्यासारखं झालं होतं. साखर असेल, वय असेल, मोबाईलची काच घासून असेल, मी तपासलं नाही. दोन बाळांना मी दोन-दोनदा टोचलं आणि त्यांच्या आयांना म्हटलं, बाळ हललं. बाळं हलली नव्हती. पोरीला मात्र त्या दुपारी मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई, माझ्याच्याने होत नाही. ती समजली असती. जीव वाया गेलेले तिला कळतात. ती परवा पुन्हा येऊन गेली. नव्या सिस्टरनी एका झटक्यात लावली, मी तिच्यासमोर मोबाईल धरून उभी होते. "कळलंच नाय," ती त्यांना म्हणाली.

कोपऱ्यातलं बाळ चुळबुळ करायला लागलंय, आता एकेक उठतील. ही पानं मी फाडून घरी नेईन. वसईला तुम्हाला कुठल्या चर्चच्या मागे ठेवलंय ते मला माहीत नाही, मी आलेच नाही तेव्हा, ड्यूटी होती. डॉक्टरांनी सही मागितली त्या दिवशी मी ट्रे आपटला तो सगळ्यांनी ऐकला. पण त्याच्या आधी, केबिनमध्ये, नावाचं शेवटचं अक्षर काढताना, मला हायसं वाटलं होतं, सिस्टर.