वहीत न लिहिलेला मोजणीवाला

माय, परवा जानेफळच्या शिवारात एका शेताची मोजणी होती. काम उरकून मी यंत्र पेटीत ठेवत होते, तेव्हा शेजारच्या वावरात तुरीच्या शेंगा तोडणारी एक म्हातारी पदराला हात पुसत जवळ आली. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत होती हे मला कळलं होतं. बाई मोजणीला आली की लोक पाहतातच, त्याची सवय झाली आहे. ती म्हणाली, "म्याडम, हे काम कराले काय शिकावं लागते? माही नात यंदा दहावीले हाये." माझ्यासोबतचा कर्मचारी हसून गाडीकडे निघाला. मी पेटी खाली ठेवली, बांधावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, आयटीआय कशाला म्हणतात, किती वर्षं लागतात, पुढे कोणती परीक्षा द्यावी लागते. ती एकेक गोष्ट बोटावर धरत होती. लिहून देऊ का म्हटलं, तर म्हणाली, "नको, मले ध्यानात राह्यते." तिथून येताना गाडीत मी वर्षं मोजली. तू जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. वाचता तुला येत नव्हतंच, म्हणूनही असेल.

माझी दहावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत तू ते विचारणं सुरू केलंस. आपल्या देऊळघाटात तेव्हा ज्याला त्याला डी.एड. दिसत होतं. काका म्हणाले डी.एड. कर, दळणवाला म्हणाला डी.एड. कर. तू ऐकून घेतलंस आणि एका सकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणालीस, "सांगणाऱ्याईतले किती जणं डी.एड. झाले? एकही नाई. जे जे काम करते त्यालेच इचारलं पाह्यजे." आणि तू विचारायला लागलीस. तुझं दुकान बुलढाण्यात कचेऱ्यांच्या रस्त्याला, निंबाखाली. दुकान म्हणजे गोणपाट, दोन टोपल्या आणि तराजू. कचेऱ्या सुटल्या की साहेब लोक, बाया, शिपाई, सगळे तिथूनच घरी जायचे. तू भाजी तोलायला घेतलीस की विचारायचीस, तुम्ही काय काम करता, आणि त्यासाठी काय शिकावं लागलं. तोलतानाच का विचारतेस असं मी एकदा म्हटलं, तर तू सांगितलंस, "तराजू हातात असला का माणूस हालत नाई. तेवढ्यात सांगूनच टाकते."

या दोन प्रश्नांनंतर तुझा तिसरा प्रश्न असायचा, आणि तो तुला कुठून सुचला मला अजून कळलेलं नाही. "आता पुन्हा शिकाचं झालं, तर हेच शिकसान का?" त्यावर बहुतेक लोक सरळ हो-नाही म्हणायचे नाहीत. दवाखान्यात रक्त तपासणारा माणूस म्हणाला, काम चांगलं आहे, पण दिवसभर कुणी बोलायला नसतं. टायपिंग करणाऱ्या बाईंनी आधी बोटं दाखवली आणि मग किती परीक्षा दिल्या ते सांगितलं. एक वकील म्हणाले, "विचार करावा लागेल मावशी," आणि भाजी घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते फक्त उत्तर द्यायला परत आले. म्हणाले, "नाही. मी शाळेत शिकवलं असतं." ते तू मला सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात त्या माणसाबद्दल माया होती.

हे सगळं तू डोक्यात साठवून आणायचीस. सकाळी आपण दोघी ओसरीवर जुड्या बांधायला बसायचो. बाप मळ्यात पाणी धरायला गेलेला असायचा. तू सांगायचीस आणि मी हातातली सुतळी ठेवून माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायची. एका कामाला एक पान. वर कामाचं नाव, खाली शिक्षण, त्याखाली तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एकच गोष्ट दोन माणसांनी सांगितल्याशिवाय तू ती पक्की धरायची नाहीस. "हे अजून कच्चं हाये, पेन्सलीनं लिव," म्हणायचीस. दुसऱ्याकडून खात्री झाली की मी त्यावर पेन फिरवायची.

पण मला तेव्हा यातलं काहीच नको होतं. माझी मैत्रीण अकरावीला सायन्स घेणार होती, डॉक्टर होणार होती, म्हणून मलाही सायन्स घ्यायचं होतं आणि डॉक्टर व्हायचं होतं. त्या वयात तेवढं कारण पुरतं. एका सकाळी तू आलीस ती मोजणीवाल्याची गोष्ट घेऊन. रोज सगळ्यात शेवटी येऊन उरलेली वांगी घेणारा, उन्हानं रापलेला, बुटांना माती लागलेला माणूस. जमीन मोजतो म्हणाला. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआयमध्ये शिकला म्हणाला. आणि तिसऱ्या प्रश्नाला तो थांबलाच नाही. "हो, हेच," म्हणाला आणि वांगी निवडायला लागला. "इतक्या लोकाईत हा एकच असा निंगाला," तू म्हणालीस. "लिव." मी मान खाली घालून पेन्सिल चालवली. मैत्रिणीचं नाव दोनदा लिहिलं, त्याखाली एक फूल काढलं आणि पान उलटलं.

आठवडाभरानं तू म्हणालीस, आता सगळं वाचून दाखव. मी वाचत गेले. तू कोथिंबिरीच्या काड्या सारख्या करत ऐकत होतीस. मी वही मिटली. तुझे हात थांबले नव्हते.

"मोजणीवाला कुठं गेला?"

"कोणता?"

"वांगेवाला. टायपिंगवाल्या बाईच्या मागून सांगतला होता म्या तुले. त्याच्या मागून एक्स-रेवाला."

मी म्हणाले, राहिला असेल लिहायचा. तू माझ्याकडे पाहिलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. "मले लिवता येत नाई," तू म्हणालीस, "आयकता येते. तुले जे नको होतं ते तू लिवलं नाई. मंग हे वही तुही एकटीची झाली. म्या लोकाईले काऊन इचारून राह्यली?" एवढं बोलून तू टोपली उचललीस आणि बसथांब्याकडे गेलीस. रोज मी टोपली तुझ्या डोक्यावर चढवायला हात द्यायची. त्या दिवशी तू ती एकटीनंच चढवलीस.

दुपारी मी ते पान लिहिलं. पेन्सिलीनं, कारण सांगणारा एकच होता. तू परत आल्यावर, तू न सांगताच, मी ते वाचून दाखवलं. तू फक्त म्हणालीस, "वांगे निवडत होता हे नाई लिवलं तरी चालते." मी ते लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात मोजणीवाला तुला म्हणाला, "मावशी, परवा तुमच्याच शिवारात येतोय. मुलीला घेऊन या, बघू दे तिला." त्या दिवशी तू दुकान लावलं नाहीस. अंगात ताप असतानाही दुकान लावणारी तू. अजून दिसतं मला, सकाळची वेळ आहे, आपण दोघी बांधावर उभ्या आहोत. दोन शेजारी बांधावरून मोठमोठ्यानं भांडतायत. हा माणूस मात्र त्यांच्याकडे न पाहता तीन पायांवरच्या लाकडी फळीवर नकाशा पसरतोय. त्यानं मला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी दिली आणि शेताच्या पार टोकाला उभं केलं. "सरळ धर. तू हललीस तर यांचा बांध हलेल." मी ती दोन्ही हातांनी धरली. दंड दुखायला लागले तरी सोडली नाही. काही वेळानं त्यानं एका जागी दगड ठेवायला सांगितलं. भांडणारे दोघंही तिथे आले, दगडाकडे पाहत उभे राहिले आणि त्यांच्यातला एक जण मोजणीवाल्यासाठी पाणी आणायला गेला. परत येताना तू म्हणालीस, "पाह्यलं का? दोघाईचा आवाज बसला."

"मले डॉक्टर व्हायचंय," मी म्हणाले.

"मंग हो ना. म्या कुठं नाई म्हणलं? पण वहीत दोन्ही राहू दे."

तू मला अकरावी सायन्सला घातलंस. कॉलेजची फी भरायला स्वतः आलीस, प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनाही तुझे तिन्ही प्रश्न विचारलेस. दोन वर्षं मी बसनं बुलढाण्याला जात होते. तुझ्या दुकानावरून जाताना कधी थांबायची, कधी मैत्रिणींसोबत पुढे निघून जायची. बारावीचा निकाल लागला तेव्हा मैत्रिणीचं नाव वर होतं आणि माझे गुण असे होते की डॉक्टरकीचं कुणी विचारलंही नाही. मी घरामागे कांद्याच्या पोत्यांवर बसून राहिले. संध्याकाळी तू बाजारातून आलीस, बापाला निकाल विचारलास आणि मला हाक न मारता चूल पेटवलीस. जेवायला मात्र वाढून दिलंस आणि मी उठेपर्यंत समोर बसून राहिलीस.

दुसऱ्या सकाळी जुड्या बांधताना तू बोलायला लागलीस, जणू दोन वर्षांपूर्वीचं बोलणं काल अर्धवट राहिलं होतं. "तो मोजणीवाला बदलून गेला. नव्याले इचारलं म्या. बारावीवाल्यालेही चालते म्हणे. फारम याच महिन्यात निंगते. आपल्या इथं त्या कोर्सची जागा नाई, दुसऱ्या जिल्ह्यात जा लागीन. पोरीईच्या राह्याची सोय हाये का हे अजून कच्चं हाये. उद्या एक बाई सांगणार हाये." मी सुतळी खाली ठेवली. दोन वर्षं तू विचारत होतीस, मला एका शब्दानं न सांगता. मी डॉक्टर होणार नाही असं तुला वाटत होतं का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "मले काय ठाऊक? झाली असती तर हे ऐकलेलं वाया गेलं असतं. जाऊ द्यायचं होतं मंग वाया."

पुढचं तुला बरंचसं माहीत आहे. आयटीआयच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. पहिले सहा महिने मला ते काम आवडलं नाही, हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. ऊन, मोजणीची साखळी ओढून हाताला आलेले फोड, आणि मुलांचं हसणं. मग एक दिवस एका वाकड्यातिकड्या शेताचा नकाशा माझ्या हातून पहिल्यांदा बरोबर जुळला आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. शिकून झाल्यावर रस्त्याच्या ठेकेदाराकडे काम केलं. तू एकदा ते पाहायला आलीस आणि त्याच्या माणसालाही विचारलंस की तो काय शिकला. सरकारी भरतीची परीक्षा मी दोनदा दिली, दोन्ही वेळा राहिले. तू गेलीस तेव्हा मी तिसऱ्यांदा अभ्यास करत होते. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ते बापानं हातात घेतलं आणि तुझ्या दुकानाच्या जागी जाऊन आला. तिथे तेव्हा दुसरी एक बाई कांदे घेऊन बसलेली होती, असं त्यानं सांगितलं.

आता फळी नाही, साखळी नाही. काठीवर बसवलेलं यंत्र आकाशातल्या उपग्रहांना जागा विचारून घेतं. मुलंही आता कुठल्या कामाला काय शिकावं लागतं ते मोबाईलवर पाहतात, आणि ती माहिती खोटी नसते. पण मोबाईल काम केलेल्या माणसाला परत विचारत नाही. जानेफळच्या त्या म्हातारीनंही तुझा तिसरा प्रश्न मला विचारला नाही. मीच सांगितलं. म्हटलं, आजी, पुन्हा शिकायचं झालं तर मी हेच शिकेन, पण तुमच्या नातीला आधी एक दिवस मोजणीवर घेऊन या, काठी धरू द्या, मग तिला ठरवू द्या. पुढच्या आठवड्यात तिथेच दुसऱ्या गट नंबरच्या शेताची मोजणी आहे. ती येते म्हणाली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. माझ्या कपाटात जुन्या नकाशांच्या घड्या आहेत, त्यांच्यात ठेवीन. टाकायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते आहे. आयटीआयचा फॉर्म भरायला आपण दोघी गेलो होतो. तू माझ्या कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बाकाशेजारी उभी होतीस, मी लिहीत होते. वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिथे मी शेती लिहिलं. त्याखाली आईचा व्यवसाय विचारला होता. वर्गात येणाऱ्या मुलांनी तो कागद पाहिला तर, असं काहीतरी माझ्या मनात आलं असावं. मी तिथे गृहिणी लिहिलं. पुढच्या प्रत्येक अर्जावर, भरतीच्या तिन्ही फॉर्मवर, तेच लिहीत गेले. सगळ्या बुलढाण्याला काम विचारणाऱ्या तुला, तुझ्या नावापुढे मी कोणतं काम लिहिलं हे विचारावंसं वाटलं नाही. तू वाकून कागदाकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "अक्षर चांगलं हाये तुहं."

मी "हाव" म्हणाले आणि पान उलटलं.