फणसवाडीच्या वडासाठी केलेली सही परत मिळणेबाबत

प्रति,
मा. श्री. उन्मेष राणे,
वृक्ष अधिकारी, विभाग कार्यालय, मुंबई.

विषय : वाडीतील वड हलवण्यास अर्जदाराने दिलेली संमती रद्द करून सही परत मिळणेबाबत.

संदर्भ : गेल्या वर्षी आपण अर्जदाराच्या घरी बसून दिलेला शब्द. (जावक क्रमांक नाही.)

महोदय,

१. अर्जदार ही निवृत्त शिक्षिका असून आपण चौथीत तिच्याकडेच परिसर अभ्यास शिकलात. गटाराच्या कामासाठी वड तोडण्यास वाडीतल्या समस्त बायकांचा विरोध होता. तेव्हा आपण घरी येऊन, बाई, तोडत नाही, मुळांसकट उचलून कॉटन ग्रीनला लावतो, असे सांगितलेत. आपला विद्यार्थी म्हणून अर्जदाराने डोळे झाकून सही केली. तिच्या शब्दाखातर मग सगळ्यांनीच केली.

२. यंदा वटपौर्णिमेला बायका टॅक्सी करून कॉटन ग्रीनला गेल्या. झाडावर पान नव्हते. हलवलेले झाड काही काळ सुस्तावते, पालवी फुटेल, असा धडा अर्जदारानेच तिथे दिला. मोठी शहाणी ना! शेजारच्या दुर्गाने फेरा घेताना सूत ओढले, तशी सालच निघून आली आणि खोड कलले. खाली मुळे नव्हतीच. विजेच्या खांबासारखे नुसते पुरलेले होते. साल सोबत जोडली आहे. महोदय, याला केसाने गळा कापणे म्हणतात.

३. तळमजल्यावरच्या गंगुबाईंचे यजमान इस्पितळात आहेत. मेलेल्या झाडाला फेरे घालून त्यांच्या आयुष्यासाठी धरलेला उपास ग्राह्य आहे किंवा कसे, याचा लेखी खुलासा व्हावा. तुमच्यावर भरवसा ठेवला हो बाई, एवढेच बोलून गंगुबाईंनी अर्जदाराकडे येणे सोडले आहे. हे अर्जदाराला फार लागले आहे.

४. सबब, संमतीपत्रावरील अर्जदाराची सही खोडून तसे वाडीच्या फलकावर लावावे. तसेच सदर वडाचा मृत्यूदाखला काढावा. मृत्यूचे कारण या रकान्यात 'बाईंचा विश्वास' असे लिहिण्यास अर्जदाराची हरकत नाही.

५. समजूत काढण्यासाठी आपण कृपया घरी येऊ नये. आलात तर अर्जदार आधी चहा टाकील, मग आपले सगळे ऐकून घेईल, आणि पुढच्या झाडासाठीही सही करील. तिला आपली नव्हे, स्वतःचीच भीती वाटते.

आपणांस शिकवणारी,
(सही)
श्रीमती कालिंदी गोगटे
फणसवाडी, गिरगाव
दिनांक : १६ जून २०२५