शकूची उजवी पापणी

श्री

ठाणे, ता. ३ फेब्रुवारी १८९०

तीर्थस्वरूप बाय,
धाकट्या भावाचा, काळूचा पायांवर माथा. वि. वि. आम्ही इकडे खुशाल. तुझी खुशाली त्र्यंबक मास्तरांकडून लिहवून धाड. आणि त्यांना सांग, आपलं शहाणपण मध्ये घालू नका.

शकूच्या उजव्या पापणीवरची गाठ गेली. तू नऊ वर्षं कानीकपाळी ओरडलीस, अखेर ऐकलं. मुंबईचे डोळ्यांचे डॉक्टर इथे येतात. त्यांनी औषधाने जागा बधिर केली आणि पोर जागी असतानाच सुपारीएवढी गाठ काढली. मी दाराला कान लावून होतो. कातरीचा आवाज आला, रडण्याचा नाही. उलट ती विचारत होती, डॉक्टर मिशीला तेल कुठलं लावतात. गाठ साधी आहे, जीवाला धोका नाही, पुन्हा उगवायची नाही, असं ते म्हणाले.

मी का अडून बसलो ते तुला ठाऊक. लेक जन्मली त्याच आठवड्यात मला मिठागराचा मक्ता मिळाला. पापणीवर लक्ष्मी बसलीय, ती कोण कापील, असं मी गावभर सांगत सुटलो. आता गुरुवारी पट्टी सुटली की दोन्ही डोळ्यांनी तुला बघेल. लोभ आहेच, त्यात राग थोडा कमी कर.

तुझा काळुराम

ठाणे, ता. ७ फेब्रुवारी

बाय, नमस्कार. मास्तरांना अक्षर लावून वाचायला सांग.

काल पट्टी सुटली. डोळा धुतल्या काचेसारखा. मग डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला आणि मला पुढे उभं केलं. ती म्हणाली, "उजेड दिसतो. बाबा कुठे आहेत?" मी हातभर अंतरावर होतो.

कापताना काही चुकलं, असं मी डॉक्टरांच्या तोंडावर बोललो. ते रागावले नाहीत. पापणी डोळ्यावर कधीपासून उतरलेली, एवढंच विचारलं. जन्मापासून, म्हटलं. तेव्हा म्हणाले, डोळा धडधाकट आहे. पण डोळा बघायला शिकतो तो तान्हेपणी, हा पडद्याआडच राहिला. चांगला डोळा रोज घटकाभर बांधून बघा, म्हणाले. आशा धरा, असं म्हणाले नाहीत.

लक्ष्मी कसली, बाय. मीच बसलो होतो पोरीच्या डोळ्यावर.

काळुराम

कल्याण, ता. १० फेब्रुवारी

चिरंजीव काळूस दगडाबाईचे पोटभर आशीर्वाद. पत्र मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. तुला खूप बोलायचं होतं, ते राहू दे.

पण एक लपवलं होतं. माझ्या लेकाच्या, नामाच्या तीन महिन्यांच्या पोरीला तशीच गाठ आहे. डोळा अर्धा झाकलाय. ठाण्याला नेऊ म्हटलं तर नामा हात लावू देत नाही. ती जन्मली आणि यंदा भाताला भाव चांगला आला ना. म्हणतो, काळूमामाचं बघ, कुठून कुठे गेला. तू त्याचीच पाठ थोपटशील, म्हणून कळवलं नाही.

बहिणीवर माया असू दे.

ठाणे, ता. ११ फेब्रुवारी

बाय, पाया पडतो. उद्याच्या पहिल्या गाडीने येतो. नामाशी भांडू नकोस. माझं तो ऐकायचा नाही, त्याला मी नशीबवान वाटतो. म्हणून शकूला आणतोय; तिनेच विचारलं, मी येऊ का. नामाने तिचा चांगला डोळा आपल्या हाताने झाकावा, आपली लेक तिच्यासमोर धरावी, आणि विचारावं, कोण आहे.

तुझा काळू